मागच्या कचेरीवरून राहिलेलं भांडण

आप्पा, तुम्हाला बसवून नेलं ते बरं झालं. तुमच्या लिंगायत घरांत माणसाला आडवं नेत नाहीत, सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून नेतात, हे मला ठाऊक होतं. पण कपाळभर विभूती, गळ्यात हार आणि पाठ ताठ, असं तुम्हाला बघितलं आणि रडायचं सोडून मला हसू फुटलं. असेच तर बसायचात तुम्ही, बसस्टँडवर काय आणि तहसीलला काय, मांडीवर डबा घेऊन. आजूबाजूच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या तसा मी पदर तोंडाला लावला. तुमच्या मंडळींना, अक्कांना मात्र बरोबर कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "हसा बाई, हसा. ते बी हसले असते." मग मात्र मला रडू आवरेना.

तुम्हाला पाल्हाळ आवडायचा नाही, म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. नगरपरिषदेतली बैठक आज झाली. तुम्ही गेलात म्हणून ती पुढं ढकलतील असं मला वाटलं होतं, पण कुणावाचून कुणाचं अडतंय? विषय एकच होता. वाचनालयाच्या समोरच्या भागाचं नूतनीकरण झालं, काचा लागल्या, ग्रॅनाइट आलं, एसी आला. आता मागं जो निजामाच्या वेळचा दगडी हॉल आहे, ज्याला गाव अजून कचेरीच म्हणतं, त्यालाही तसंच करायचं, का नुसतं छत दुरुस्त करून दगड तसाच ठेवायचा? निधी आलेला आहे. तो काचेवर घालायचा का पुस्तकांवर, हे ठरायचं होतं. तुमचं म्हणणं, दगड ठेवा. माझं म्हणणं, झाका एकदाचं. आणि आपल्या दोघांचं मत सांगायला मी एकटी गेले होते.

आठवडाभर जो भेटेल तो मला शहाणपण शिकवत होता. "बाई, आता आप्पांचंच म्हणणं मांडा. त्यांच्या आत्म्याला शांती लागल." अहो, माणूस मेला म्हणून त्याचं म्हणणं खरं होतं का? तुम्ही चांगले धडधाकट असताना मी तुमचं ऐकलं नाही, ते आता ऐकू? आणि आत्मा-बित्मा आमच्यात मानत नाहीत, हेही मी त्यांना तोंडावर सांगितलं. लोकांना वाटलं, बाईचं दुःखानं डोकं फिरलंय. फिरलं होतंच थोडं, पण ते त्यांच्यामुळं.

आपली गाठ पडली तीच मुळी अशा एका बैठकीत. नगरपरिषदेनं नागरिक समिती काढली होती. गावात जुन्या इमारतींची एवढी दुरुस्ती चाललीय, एवढे कोटी खर्च होतायत, तर ते सत्कारणी लागले का, हे गावातल्याच चार शहाण्यांनी बघावं असं वरून फर्मान आलं होतं. बाकीचे शहाणे पहिल्या दिवशी चहा पिऊन, फोटो काढून गेले ते परत दिसले नाहीत. उरलो आपण दोघं. तुम्ही बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर आणि मी झेडपीच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून सुटलेली. मला वाटलं, आता हा माणूस टेप काढून भिंती मोजत बसणार आणि मी मागं छत्री धरून फिरणार. तुम्ही म्हणालात, "इमारत बघायची न्हाई बाई. इमारतीत बसायचं. काम नसताना, दिवसभर. तिथं माणसाचं काय होतंय ते बघायचं." मी विचारलं, आणि मी तिथं करायचं काय? तर म्हणे, "सुम्मने बसा."

सुम्मने म्हणजे उगी, गप. निलंग्याकडचं तुमचं घर, आईचं माहेर पार कर्नाटकातलं, त्यामुळं राग आला की आणि माया आली की तुमच्या तोंडात कानडी यायचं. मला हेडमास्तरणीला आयुष्यात कुणी गप बसा म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी मुद्दाम दुप्पट बोलले.

तो पहिला दिवस बसस्टँडचा. नवं छत एवढं उंच घेतलं होतं की ऊन तिरपं आत यायचं आणि बाकड्यावरची माणसं सावलीबरोबर सरकत सरकत दुपारपर्यंत भिंतीला जाऊन टेकायची. तुम्ही मान वर करून बघितलंत आणि म्हणालात, "हे छत बसणाऱ्यासाठी न्हाई. वरून फोटो काढणाऱ्यासाठी हाय." तुमच्या लेखी तिथंच निकाल लागला होता, सगळा पैसा पाण्यात. मी म्हटलं, थांबा. तुम्ही वर बघताय, जरा त्या कोपऱ्यात बघा. बायांसाठी स्वच्छतागृह केलंय, त्याला दार आहे, दाराला कडी आहे, आत पाणी आहे. माझी पहिली नेमणूक हिमायतनगरकडं होती, तेव्हा मी घरून निघाल्यापासून शाळेत पोचेपर्यंत घोटभर पाणी प्यायची नाही. वाटेत जायचं कुठं? अख्खी नोकरी मी तहानेली केली. तुम्हाला पुरुष माणसांना काय, कुठलीही भिंत चालते.

तुम्ही जरा ओशाळलात. मग म्हणालात, "ह्याचा भाव मला लावता येत न्हाई बाई. हा तुम्ही लावा." मला तुमची ती गोष्ट फार आवडली. आपल्याला जे कळत नाही ते कळत नाही म्हणणारा इंजिनियर मी तोवर बघितला नव्हता. हेडमास्तरणीही तशा फारशा नसतात, ते जाऊ द्या.

आणि त्याच दिवशी डबे सोडले. अक्कांनी तुम्हाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिलेली. माझ्याकडं मेथी घातलेलं पिठलं. मी माझा डबा जरा माझ्याच बाजूला धरून खात होते. सवय असते ना हाताला, नोकरीत स्टाफरूममध्ये लागलेली. तुम्ही बोलता बोलता हात लांब केला, माझ्या डब्यातलं पिठलं भाकरीवर घेतलंत आणि घास खाऊन म्हणालात, "मीठ कमी हाय." बास, एवढंच. समोर कुणी तरी आपण किती पुढारलेले आहोत हे दाखवायला माझ्या हातचं खातंय, असं मी खूपदा बघितलंय, त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं असतं. तुमच्या तोंडावर फक्त मीठ कमी असल्याची तक्रार होती. मला राग आला आणि आतून लई बरं वाटलं.

मग आपण गावातली एकेक इमारत बसून काढली. लोक हसायचे. "आज कुठं डबा हाय, आप्पा?" असं पानटपरीवाला विचारायचा. नाट्यगृहात एसी लावला होता, त्याचं बिल परवडेना म्हणून तो बंद, आणि एसी लावला म्हणून खिडक्या बुजवलेल्या. त्या भट्टीत आपण शाळेचं अख्खं स्नेहसंमेलन बघितलं आणि बाहेर आल्यावर मी कबूल केलं की इथं तुमचंच खरं. गुरांच्या दवाखान्याला तर भांडायची पाळीच आली नाही. दाराला चकचकीत फरशीचा उतार केला होता. एका बाईनं म्हैस आणली. म्हशीनं त्या फरशीवर एक पाय ठेवला, घसरला, आणि जी मागं सरली ती काही केल्या पुढं येईना. शेवटी डॉक्टर साहेब सुई घेऊन बाहेर लिंबाखाली आले. नंतर कळलं, उद्घाटनापासून सगळीच गुरं लिंबाखाली तपासतात. तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. "म्हशीनं निकाल दिला बाई, आता आपण काय बोलावं?"

पण वाचनालयाला आपलं खरं वाजलं. समोरचा भाग नवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आपण जाऊन बसलो. आणि एक गंमत दिसली. लोक दारात चपला काढून आत येत होते. तशी पाटी नव्हती, कुणी सांगत नव्हतं. म्हातारी माणसं, बाया, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, एकजात सगळे. बाहेर चपलांचा ढीग, देवळाबाहेर असतो तसा. तुम्ही तिकडं बोट केलंत. "बघा. भ्यालेत माणसं. एवढी चकाकी केली की आपण आत जायच्या लायकीचे न्हाई असं त्यांला वाटून राहिलंय. जी इमारत माणसाला दारात बुजवते तिच्यावरचा पैसा फुकट."

मी पेटले. म्हटलं, भ्यालेली माणसं आत येत नाहीत आप्पा, बाहेरच उभी राहतात, ते मला नका शिकवू. ही आत येतायत. आपल्या घरात येताना, विहारात जाताना माणूस चपला काढतो तशी काढतायत. ही इमारत त्यांना आपली वाटलीय, आणि चांगली वाटलीय. का, गरिबाच्या वाट्याला कायम पोपडे निघालेल्या भिंतीच असाव्यात काय? चकचकीत फक्त बँका आणि सराफाची दुकानं? तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचं साफ चुकलंय." मी म्हटलं, तुमचं त्याहून चुकलंय. ग्रंथपालानं दोनदा येऊन हळू बोला म्हटलं. त्या दिवसापासून चपला हा आपला कायमचा मुद्दा झाला. तुम्ही म्हणजे भीती आणि मी म्हणजे आदर.

त्यातून मग मागच्या कचेरीचं निघालं. तुमचा त्या दगडावर जीव. हात फिरवून दाखवायचात मला, कसा सांधा बसवलाय, चुन्यात काय काय कालवलंय, भिंत किती जाड, झरोका किती वर, म्हणून मे महिन्यात आत पंख्यावर भागतं. "ह्याला खोटं छत लावणार, काच लावणार, आणि मग उकडतंय म्हणून एसी लावणार. आधी फुकटचा गारवा मारायचा आणि मग इकतचा आणायचा." सगळं बरोबर होतं तुमचं. मला कळत होतं. तरी मी म्हणायची, झाका. पुढच्यासारखंच करा, ओळखूसुद्धा येऊ नये आधी काय होतं ते. तुम्ही विचारायचात, "बाई, तुमचा ह्या दगडावर एवढा राग का?" मी म्हणायची, कोळ्याची जाळी असतात हो, मला किळस येते. तुम्हाला ते पटायचं नाही. पण तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत, तुमचा तो स्वभाव नव्हता.

नांदेडला दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही तुम्ही छताकडंच बघत होता. नाकात नळी, आणि डोळे वर. मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "तो डाग बघा. वर पाणी गळतंय आणि हे खालून रंग देऊन राहिलेत." अक्का म्हणाल्या, अहो गप पडा की. मग तुम्ही म्हणालात, "कचेरीचं राहिलं, बाई." मी म्हटलं, आधी घरी या, मग भांडू. मला खरंच वाटलं होतं तुम्ही याल. एवढ्या वर्षांत भांडण अर्धवट टाकून तुम्ही कधी उठला नव्हता.

काल मी एकटीच वाचनालयात जाऊन बसले. बैठकीच्या आधी एकदा बसायलाच हवं होतं. डबा नेला, तुमची खुर्ची शेजारी ओढून ठेवली, एका पोरानं येऊन विचारलं, "मॅडम, कुणी हाय का इथं?" मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना, तर त्यानं बिचाऱ्यानं दुसरी शोधली. दाराकडं बघत होते. लोक चपला काढत होते, येत होते. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, आप्पा, की आपण एवढे दिवस ह्याच्यावरून घसा फोडून भांडलो, पण ह्यातल्या एकाला तरी विचारलं का, बाबा रे, तू चप्पल का काढतोस? नाही विचारलं. तुम्ही सरकारी नोकरीत जन्म काढलेला आणि मी वर्गात. आपल्याला माणसाकडं बघून त्याच्या मनातलं कळतं असं आपण धरूनच चाललो.

मग मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. एक म्हातारी इस्लापूरकडून लेकीकडं आलेली, नातीबरोबर आत चाललेली. तिला विचारलं, मावशी, चप्पल का काढली? ती म्हणाली, "गार लागते ना माय पायाला. लई बरं वाटते." मी म्हटलं, भीती नाही ना वाटत? "कशाची?" म्हणाली. मग मी विचारलं, का वाचनालय म्हणून, मान म्हणून? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं हिला आता माझीच काळजी वाटायला लागलीय. परीक्षेवाल्या एका पोराला विचारलं तर तो म्हणाला, "समद्यांनी काढल्यात, म्हणून मी पण." दुसरा म्हणाला, दिवसभर बूट घालून बसलं की पाय नासतात. एक बाई म्हणाली, ती फरशी पुसते ना, तिला तरास कशाला.

मी आत येऊन बसले आणि मला हसू आवरेना. भीती नाही आणि आदरही नाही. गार लागतं म्हणून! आपण दोघांनी त्या चपलांवर केवढी व्याख्यानं झोडली, मी तर विहारापर्यंत गेले. मी हसत हसत तुमच्या खुर्चीकडं वळले सांगायला, अहो आप्पा, ऐकलंत का. आणि मग जे व्हायचं ते झालं. तुमच्या घरी, स्मशानात, कुठंच मला एवढं लागलं नव्हतं जेवढं तिथं लागलं. आपण दोघं एकदम चुकलो, एवढी मोठी मजेची गोष्ट, आणि ती सांगायला गावात एक माणूस उरला नाही. मग मीपण चप्पल काढली आणि पाय टेकवले. खरंच गार आहे हो. एवढ्या पैशांत तेवढं तरी आलंय, तेही तुम्ही जमेला धरलं असतं.

तर आजची बैठक. हॉल भरला होता. तुमचा हार घातलेला फोटो पुढं टेबलावर ठेवला होता, मला ते आवडलं नाही. मुख्याधिकारी मॅडम नव्या आहेत, तरुण आहेत, बोलायला सरळ आहेत. म्हणाल्या, "सोनकांबळे बाई, तुमच्या दोघांचं लेखी मत आलं नाही." मी म्हटलं, लिहायचं काम आप्पांचं होतं आणि भांडायचं माझं. आणि एक मत नाहीच. तुम्ही दोन्ही ऐका.

आधी तुमचं मांडलं. कुणी म्हणू नये बाईनं मेलेल्या माणसाला न्याय दिला नाही, म्हणून जीव तोडून मांडलं. भिंतीची जाडी सांगितली, झरोका सांगितला, फुकटचा गारवा आणि इकतचा गारवा सांगितला. नाट्यगृहाचा बंद एसी सांगितला, म्हशीचंही सांगितलं, लोक पोट धरून हसले. म्हटलं, नूतनीकरण म्हणजे नवं दिसणं नव्हे, जास्त उपयोगाला येणं. छताची गळती काढा, वायरिंग बदला, खिडक्या उघडतील अशा करा, आणि उरलेल्या पैशांत पुस्तकं घ्या, एक माणूस नेमा जो संध्याकाळीही हॉल उघडा ठेवेल. असं आप्पांचं म्हणणं आहे. 'आहे' असंच म्हणाले मी.

मग माझं मांडलं. म्हटलं, दगड चांगला असेल, पण तो हॉल वर्षानुवर्षं उघडा होता तेव्हा त्यात बायामाणसं येत नव्हती, आणि समोर फरशी आल्यावर आली, हे डोळ्यांनी दिसतंय. ह्याला पैशात किंमत नसली तरी किंमत आहे. बोलताना माझ्या मला कळत होतं, की माझी बाजू लंगडी पडतेय. खरं कारण तोंडापर्यंत आलं होतं. ते सांगितलं असतं तर सगळा हॉल माझ्या बाजूनं झाला असता, मला माहीत होतं. मी पाणी प्यायले आणि खाली बसले.

मागून पानटपरीवाला उठला, "आप्पांची शेवटची इच्छा हाय, दगड ठेवा!" टाळ्या पडायला लागल्या. मी ताडकन उठले. म्हटलं, खाली बस. इच्छा-बिच्छा काही नाही. मेलेल्या माणसाला मत देऊ नका, मुद्द्याला द्या. पटत असेल तर हात वर करा, आणि आप्पांची दया येत असेल तर हात खाली ठेवा, त्यांना दया आवडायची नाही. मॅडमनी मान खाली घालून हसू लपवलं. मग हात वर झाले, आणि आप्पा, तुमच्या बाजूनं झाले. चांगले विचार करून, एकमेकांत बोलून झाले. मी मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. दगड राहणार. मी एवढंच पदरात पाडून घेतलं की दार रुंद होईल, पायऱ्यांच्या जागी उतार येईल, म्हशीला चालेल असा, आणि बायांची सोय आधी होईल, पुस्तकांच्याही आधी.

तुम्ही जिंकलात. तुमची बाजू मीच एवढी चांगली मांडली की मीच हरले. घरी येताना वाटेत अक्कांकडं गेले, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटलं का?" मी म्हटलं, वाटलं. हरल्याचं वाटलं, आणि जिंकणारा तिथं नव्हता त्याचंही.

आता भांडण संपलंय, तर ते कारण तुम्हाला सांगते. आता सांगून काही बदलत नाही.

मी शाळेत जाणारी पोरगी होते. शिष्यवृत्तीला दाखला लागत होता म्हणून बाप मला घेऊन खेड्यावरून चालत इथं आला. कचेरी तेव्हा त्याच दगडी हॉलमध्ये होती. बाप पायऱ्यांच्या खाली उन्हात उभा राहिला, आणि मी त्याच्या शेजारी. लोक वर जात होते, काम करून खाली येत होते. बाप जातच नव्हता. मी म्हटलं, दादा, चला की वर. तो म्हणाला, बोलावतील. कुणी आम्हाला वर येऊ नका म्हटलं नाही, आप्पा. या, असंही कुणी म्हटलं नाही. आतला कारकून खिडकीतून बघत होता, त्याला दिसत होतं. दुपार कलली तेव्हा तो दारात आला आणि सही केलेला दाखला त्यानं हातात न देता वरच्या पायरीवर टाकला. बापानं तो उचलला, धोतराला पुसला, त्या माणसाला वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाला, "झालं बघ आपलं काम." लई खूश होता तो. जाताना त्यानं मला गोडीशेव घेऊन दिली. मी शिकले ती त्याच कागदावर, आणि तो दगड मी पुन्हा कधी नीट बघू शकले नाही, तुम्ही त्याच्यावर हात फिरवून दाखवत होता तेव्हाही.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. तुम्ही डबा बंद केला असता आणि म्हणाला असता, मग झाकून टाकू बाई. त्यानंतर तुम्ही माझ्याशी जपून बोलला असता. एकाही इमारतीवरून पुन्हा भांडला नसता. मला जन्मभर माणसं भेटली ती एक तर वरून बोलणारी, नाही तर जपून बोलणारी. तुमचं साफ चुकलंय, असं तोंडावर म्हणणारे तुम्ही एकटे भेटलात. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून नाही सांगितलं.